हात पुढे, पण जोर कमरेचा



या पत्रिकेतून आपण ऊसजाती, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, हुमणी आणि खोडकिडा यांवर नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज शेतात राबणाऱ्या शरीराबद्दल बोलायचे आहे. प्रश्न तसा साधाच आहे. आपण हात पुढे करून काही धरतो, तोडतो, उचलतो, तेव्हा ते काम नेमके कोण करते?

कोणीही म्हणेल, हात करतो. मग दिवसभर कोयता चालवून संध्याकाळी कंबर का धरते? भांगलण करणारी बाई खुरपे हाताने चालवते आणि उठताना हात मात्र कमरेवर ठेवते, ते का? खताची पाटी हातात असते, मग चमक पाठीत का निघते? याचे कारण असे की हाताचे कोणतेही काम एकट्या हाताचे नसते. हात पुढे जातो तो धडाच्या भरवशावर. धड म्हणजे छाती, पोट, पाठ आणि कंबर. हे धड कसे उभे आहे, कसे वाकले आहे, यावर हाताचा जोर, हाताचा पल्ला आणि कमरेचे आयुष्य अवलंबून असते. हे नीट समजले तर पुढच्या बऱ्याच सूचना सांगाव्याच लागणार नाहीत, आपल्या आपणच सुचतील.

मी शेतीचा पदविकाधारक आहे, वैद्य नव्हे. पण या विषयावर जगात बरेच प्रयोग झालेले आहेत आणि त्यांतले जे आपल्या फडात, सरीत उपयोगी पडेल तेवढेच येथे देत आहे.

हात जोडला आहे कोठे?

पाय कमरेच्या हाडाला खोल खोबणीत पक्का बसवलेला असतो. हाताचे तसे नाही. हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त एकाच ठिकाणी. गळ्याखालचे आडवे हाड छातीच्या मधल्या हाडाला जेथे मिळते, तेवढाच काय तो सांधा. खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचे ते पसरट त्रिकोणी हाड, बरगड्यांवर नुसते स्नायूंनी धरून ठेवलेले असते. म्हणूनच हात चौफेर फिरतो. पण म्हणूनच त्याला धडाचा आधारही जास्त लागतो.

पाठीवर एक रुंद स्नायू आहे. तो खालच्या मणक्यांपासून आणि कमरेच्या हाडाच्या काठापासून निघतो, पाठीवरून वर चढतो आणि काखेखालून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. म्हणजे कंबर आणि दंड यांना थेट बांधणारा हा दोरच झाला. वर उचललेला हात खाली ओढताना, कोयत्याचा घाव घालताना, बादलीचा दोर ओढताना हाच स्नायू जोर लावतो. तेव्हा घावाचे एक टोक दंडात आणि दुसरे टोक कमरेत असते, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. हा कणा नुसता उभा राहू शकत नाही. विजेचा खांब पाहा. वळणावरच्या खांबाला एका बाजूने तारांचा ओढा असतो, म्हणून दुसऱ्या बाजूने ताण दिलेला असतो. तो ताण सैल पडला की खांब कलतो. आपल्या कण्यालाही असेच ताण आहेत. मागे पाठीचे लांब स्नायू, पुढे पोटाचा उभा स्नायू, दोन्ही कुशींना तिरपे स्नायू, आणि सगळ्यांच्या आत पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा आडवा स्नायू. हात ज्या बाजूला जाईल, त्याप्रमाणे हे ताण दर क्षणाला कमी-जास्त होत असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हात हलण्याआधी धड तयार होते

आता एक छोटा प्रयोग करून पाहा. सरळ उभे राहा. डाव्या हाताचा अंगठा कमरेवर, कण्याच्या डाव्या बाजूला दाबून धरा. आता उजवा हात झटकन समोर वर करा. अंगठ्याखालचा स्नायू टणक झालेला जाणवेल. हलला उजवा हात, आणि आवळली गेली डावी कंबर.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. सोव्हिएत युनियनमध्ये १९६७ साली बेलेन्की, गुर्फिंकेल आणि पाल्त्सेव या संशोधकांनी उभ्या माणसांना खूण मिळताच हात वर करायला सांगितले आणि स्नायूंतील विजेचे सूक्ष्म प्रवाह मोजले. खांद्याच्या स्नायूने काम सुरू करण्याच्या आधीच पायाचे आणि धडाचे स्नायू कामाला लागलेले दिसले. फरक सेकंदाच्या काही शतांश भागाचा, पण क्रम ठरलेला. आधी धड आणि पाय, मग हात.

असे का होते? हात पुढे गेला की शरीराचा तोल पुढे जातो. तोल गेल्यावर सावरण्यापेक्षा जाण्याआधीच सावरलेले बरे, म्हणून मेंदू हाताला हुकूम देण्याआधी धडाला सावध करतो. आपण ट्रॉलीत मोळ्या भरण्याआधी चाकाला दगड लावतो, तसाच हा प्रकार.

ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली हाच प्रयोग पोटाच्या सर्वांत आतल्या आडव्या स्नायूवर केला. निरोगी माणसांत हा पट्टा हात हलण्यापूर्वी आवळला जात होता. वारंवार कंबर दुखणाऱ्यांत मात्र तो उशिरा आवळला जात होता. म्हणजे चाकाला दगड लावायच्या आधीच भरणी सुरू! पुढे या एकाच स्नायूच्या व्यायामाचे फार स्तोम माजले. पण नंतरच्या अभ्यासांत, कंबरदुखीवर या खास व्यायामाने इतर नियमित व्यायामापेक्षा विशेष जास्त गुण येतो असे दिसले नाही. आपण त्यातून एवढेच घ्यावे की हात आणि कंबर ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

आणखी एक प्रयोग घरी करा. पाठ आणि टाचा भिंतीला टेकवून उभे राहा. पायांपुढे जमिनीवर एखादी वस्तू ठेवा आणि गुडघे न वाकवता ती उचलायला जा. जमणार नाही, पुढे तोंडघशी पडाल. एरवी आपण वाकतो तेव्हा कुल्ले मागे जातात आणि तोल साधतो. भिंतीने ती वाट अडवली. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, म्हणून गाडीवान माल पुढे-मागे सारून बेत साधतो. वाकताना आपले शरीर हेच करत असते.

तिसरी गोष्ट बसण्याची. पाठीला पोक काढून बसा आणि हात कडेने वर न्या. मग ताठ बसून तसाच हात वर न्या. ताठ बसल्यावर हात जास्त वर जातो. पाठ गोल झाली की खांद्याचा फरा पुढे कलतो आणि हाताची वाट अडते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पोक काढल्यावर हात वर जाण्याचा पल्ला वीस अंशांहून जास्त घटला आणि हाताचा जोरही घटला. जोर हातात तेवढाच होता, पण धडाने साथ दिली नाही. पोक काढून उंच ऊस ओढणाऱ्याचे खांदे लवकर का भरून येतात, ते यावरून कळेल.

तागडीचा हिशोब

आता थोडे गणित. सभासदांना वजनकाट्याचे गणित काही नवे नाही.

आपली कंबर ही एक तागडी समजा. मधला काटा म्हणजे कमरेचा मणका. त्याच्या पुढच्या बाजूला हातातले ओझे, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. पण तागडीचे दोन्ही दांडे सारखे नाहीत. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे आहेत. पुढचे ओझे मात्र हात लांबेल तितके लांब जाते.

समजा, २० किलोची पाटी कमरेच्या मणक्यापासून ५० सेंटिमीटर लांब धरली. २० गुणिले ५० म्हणजे १०००. मागच्या दांड्याचे ५ सेंटिमीटर. १००० भागिले ५ म्हणजे २००. पाटी २० किलोची, पण ती पेलायला पाठीच्या स्नायूंना २०० किलोचा ओढा द्यावा लागतो. तीच पाटी पोटाजवळ, २५ सेंटिमीटरवर घेतली तर ओढा १०० किलोवर येतो. पाटी तीच, माणूस तोच, निम्मा भार वाचला. आणि हा झाला नुसत्या पाटीचा हिशोब. आपण ओणवे होतो तेव्हा डोके, हात आणि छाती मिळून शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा काट्याच्या पुढे जातो. तो भार रिकाम्या हातानेही पेलावाच लागतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. स्वीडनमध्ये नाकेमसन या शल्यवैद्यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली तशीच मोजणी पुन्हा प्रसिद्ध केली. माणूस एकच होता, पण आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. नुसते उभे असताना चकतीवरचा दाब १ धरला, तर २० किलोचे ओझे असताना तो असा होता :

ओझे अंगाशी धरून उभे राहिल्यास – सुमारे सव्वादोन पट.
ओझे अंगापासून ६० सेंटिमीटर लांब धरल्यास – साडेतीन पटींहून थोडा जास्त.
गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलल्यास – सुमारे साडेतीन पट.
गुडघे ताठ, पाठ गोल करून उचलल्यास – साडेचार पटींहून जास्त.

अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे एक सूत्र सुधारून दिले. त्यात सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे ओझे अंगाजवळ, मांडीच्या उंचीवर, अंगाला पीळ नाही आणि उचल थोड्याच वेळा, तर मर्यादा २३ किलोची धरली आहे. ओझे २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरवर गेले की त्याच सूत्रात मर्यादा निम्मी होते. आपल्याकडे २०१८ पासून युरियाचे पोते ५० किलोऐवजी ४५ किलोचे झाले. तरीही ते या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पटच आहे, आणि आपण ते उचलतो जमिनीवरून, वाकून, पीळ देऊन. तेव्हा एकट्याने पोते उचलण्यात मर्दुमकी नाही, दोघांनी उचलण्यात शहाणपण आहे.

ओणवे राहिल्यावर काय होते

पूर्ण ओणवे झाल्यावर पाठीचे स्नायू जास्त काम करत असतील, असे कोणालाही वाटेल. इंग्लंडमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात मोजले तेव्हा उलटेच दिसले. अर्धवट वाकेपर्यंत स्नायू जोरात काम करतात, पण पूर्ण वाकले की ते जवळजवळ गप्प होतात. मग भार जातो कोठे? तो जातो मणक्यांना बांधणाऱ्या चिवट बंधांवर आणि चकत्यांवर. दावे तुटत नाही म्हणून आपण बैल त्यावर लोंबकळत ठेवत नाही, पण ओणवे काम करताना कमरेचे आपण तेच करत असतो.

हे बंध फार वेळ ताणून राहिले की सैल पडतात. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना २० मिनिटे पूर्ण वाकलेल्या स्थितीत बसवले. त्यानंतर सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पाठीचा गेलेला ताठपणा निम्माच परत आला. अर्ध्या तासानंतरही थोडी कसर राहिली होती.

यावरून आपल्या रोजच्या एका सवयीकडे पाहा. बाई दोन तास वाकून भांगलण करते, उठते, आणि उठल्या उठल्या गवताचा भारा डोक्यावर घेते. तोडणी कामगार ओणवे राहून ऊस तोडतो आणि लगेच मोळी उचलतो. बंध सैल आहेत, स्नायू अजून जागे झालेले नाहीत, आणि नेमका त्याच क्षणी सर्वांत जड भार. उसण भरते ती बहुधा अशाच वेळी. उठल्यावर दोन-चार मिनिटे सरळ उभे राहणे, चार पावले चालणे, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाकणे, पाणी पिणे, आणि मगच भाऱ्याला हात घालणे, याला पैसा लागत नाही.

बुडख्यातली साखर आणि तोडणाऱ्याची कंबर

आता मुद्द्याचे बोलू. दर हंगामात आपला शेतकी विभाग सांगतो, ऊस जमिनीलगत तोडा. कारण पक्व उसात साखर बुडख्याकडे जास्त असते. चार बोटे बुडखा शिल्लक राहिला तर वजनही गेले आणि साखरही गेली. शिवाय खोडवा ठेवायचा असेल तर उंच बुडख्यावरचे वरचे डोळे फुटतात, फुटवा जमिनीखालून जोमदार येत नाही, आणि बुडखे छाटायला पुन्हा मजुरी घालावी लागते. हे सर्व खरे आहे आणि यापुढेही आम्ही सांगत राहूच.

पण जमिनीलगत घाव घालायचा म्हणजे तोडणाऱ्याला प्रत्येक उसाला पूर्ण ओणवे व्हावे लागते. हिशोब करा. एका उसाचे वजन एक ते दीड किलो धरले तर टनाला साडेसहाशे ते हजार ऊस होतात. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसात दोन टन तोडायचे झाले तर तेराशे ते दोन हजार ऊस. तितक्या वेळा डावा हात पुढे, उजवा हात खाली, कमरेला पीळ. वर मोळी बांधणे, उचलणे, फळीवरून चढून गाडीत टाकणे. हे दिवस महिन्यात नव्हे, हंगामभर.

दुपारपर्यंत घाव जमिनीलगत पडतो आणि दुपारनंतर बोट-दोन बोटे वर चढतो, तेव्हा आपण मुकादमाला बोलतो की टोळी अंगचोरपणा करते. दर वेळी तसे नसते. कंबर भरून आली की माणूस आपोआप कमी वाकतो. शरीर आपला जीव वाचवत असते. तो बोटभर बुडखा म्हणजे थकलेल्या कमरेने लिहिलेली पावतीच म्हणायची. नुसते बोलून तो बुडखा खाली येत नाही. तोडणाऱ्याला कमी लांबून, कमी पीळ देऊन, पाय रोवून घाव घालता येईल असा फड आपण देतो का, हा आपल्याकडचा प्रश्न आहे. यात सभासदाच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या नाहीत :

१. तोडणीपूर्वी खालचे वाळलेले पाचट काढून सरीत बसवलेले असेल तर बुडखा दिसतो. न दिसणाऱ्या बुडख्यासाठी माणूस हात लांबवून चाचपत घाव घालतो आणि धड वाकडे करतो.

२. मोठी बांधणी वेळेवर आणि भरभक्कम केली तर ऊस कमी लोळतो. लोळलेल्या उसात प्रत्येक ऊस वेगळ्या दिशेने ओढून काढावा लागतो, आणि हात लांब व अंगाला पीळ या दोन्ही वाईट गोष्टी एकदम होतात.

३. रुंद सरी किंवा पट्टा पद्धत ठेवली तर तोडणाऱ्याला पाय फाकून उभे राहता येते. पाय फाकलेले असले की तोल सांभाळायला धडाला कमी ताण पडतो, आणि तोंड फिरवायचे तर पाऊल फिरवता येते, कमरेला पीळ द्यावा लागत नाही.

४. पाण्याची शेवटची पाळी तोडणीआधी योग्य वेळी बंद करा. चिखलात पाय सरकला की धडाचे स्नायू एकाएकी आवळले जातात आणि चमक भरते.

५. फडात प्यायचे पाणी आणि बसायला सावली द्या. थोड्या थोड्या वेळाने सरळ होण्याला कामचुकारपणा म्हणू नका.

कामागणिक सूचना

सूत्र एकच आहे. हात लांबवण्याआधी पाऊल पुढे टाका. काम अंगाजवळ आणा, नाही तर अंग कामाजवळ न्या.

तोडणी : एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल. वाकताना कुल्ले मागे जाऊ द्या, म्हणजे वाकणे मांडीच्या सांध्यात होते, कमरेत कमी होते. ऊस हात पूर्ण ताणून धरू नका, कोपर थोडे वाकलेले राहील इतके जवळ जा. कोयता धारदार ठेवा. बोथट कोयत्याला जो जादा जोर लागतो तो मनगटातून येत नाही, कमरेतून येतो.

मोळी : एक मोठी मोळी बांधण्यापेक्षा दोन लहान बांधा. डोक्यावर गेल्यावर मोळी कण्याच्या रेषेत येते, म्हणून पुढच्या दांड्याचा ओढा उरत नाही. मानेवर आणि कण्यावर वजन येते ते येतेच. खरा धोका मोळी जमिनीवरून डोक्यावर नेतानाचा. तेथे दुसऱ्याने हात लावावा. गाडीत टाकताना पाय न हलवता कमरेतून वळून भिरकावू नका.

खत टाकणे : पाटी कुशीला, कमरेच्या हाडावर टेकवा. दर थोड्या वेळाने बाजू बदला. पाटी अर्धीच भरा. सरीच्या टोकाला पोती ठेवण्याऐवजी मध्ये मध्ये ठेवली तर खेपा लहान होतात.

पोते उचलणे : पोते आधी उभे करा, मग अंगाशी घ्या, पाय दोन्ही बाजूंना ठेवा, गुडघे वाकवा आणि मांडीच्या जोराने उठा. ट्रॉलीतून घेताना कडेपर्यंत ओढून आणा, लांबूनच हात घालून उचलू नका.

पाठीवरचा पंप : १६ लिटरच्या पंपात पाण्याचेच १६ किलो होतात, पंपाचे वजन वेगळे. जमिनीवरून झोका देऊन पाठीवर घेऊ नका. बांधावर किंवा ट्रॉलीच्या कडेवर, कमरेच्या उंचीला ठेवून पट्टे चढवा. पट्टे आवळलेले असू द्या. लोंबणारा पंप मागच्या बाजूने कंबर ओढतो.

भांगलण : खुरपे हाताच्या टप्प्यात चालवा. पुढचे तण खुणावत असले तरी आधी सरका, मग खुरपा. सतत ओणवे किंवा सतत उकिडवे, दोन्ही वाईट. आलटून पालटून करा. जमेल तेथे लांब दांड्याचे कोळपे वापरा, उभ्याने काम होते. बायामाणसांच्या कमरेला कमी किंमत, असा हिशोब कोणत्याही शेतीशास्त्रात नाही.

पाठीला तयार ठेवणे

रोज सकाळी दहा मिनिटे पुरेत. एक : गुडघे-हात टेकून रांगण्याच्या स्थितीत या, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, पाठ न डळमळू देता पाच-सात श्वास थांबा, मग बाजू बदला. हात लांबवताना धड स्थिर ठेवण्याचीच ही तालीम आहे. दोन : उताणे पडून गुडघे वाकवा आणि कुल्ले उचलून पुलासारखे धरा. तीन : कुशीवर कोपर टेकून कंबर जमिनीपासून उचला. श्वास कोंडू नका. दुखत असेल तर थांबा.

साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी, असाच आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे. पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. चकती सरकलेली असेल तर अशी लाथ महागात पडू शकते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. दुखणे पायात खाली उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल किंवा तापही असेल, तर डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. येथे उशीर चालत नाही.

मोटर जळली तर आपण त्याच दिवशी रिवाइंडिंगला टाकतो. ट्रॅक्टरचे बेअरिंग आवाज करू लागले की मिस्त्रीला बोलावतो. कमरेचे बेअरिंग मात्र वीस वर्षे आवाज करत असते आणि आपण त्यावर लेप लावून चालवत असतो. ते बाजारात मिळत नाही. येत्या हंगामात आपल्या फडात टोळी उतरेल तेव्हा बुडखा किती राहिला हे जरूर पाहा, पण त्याबरोबर तोडणारा उभा कसा आहे, त्याला पाय ठेवायला जागा आहे का, मोळी केवढी बांधली आहे, हेही पाहा. फड नीट असेल, कंबर शाबूत असेल, तर घाव आपोआप जमिनीला लागेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी